कंपनीच्या वेबसाइटकडे येणाऱ्या नकोशा लिंक: तपासणीपासून पुनर्विचाराच्या अर्जापर्यंत

‘तुमच्या वेबसाइटला शेकडो विषारी लिंक लागल्या आहेत, त्वरित साफसफाई न केल्यास गूगलवरून तुमची साइट गायब होईल’ अशा अर्थाचा ईमेल, सोबत लाल रंगाचा एखादा आलेख आणि शेवटी सेवेचे दरपत्रक, हे बहुतेक कंपन्यांकडे केव्हा ना केव्हा येतेच. मालक तो ईमेल व्यवस्थापकाकडे पाठवतात आणि व्यवस्थापक ‘वेबसाइटचे तूच पाहतोस ना’ म्हणून तो एखाद्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात घालतात. हा लेख त्या कर्मचाऱ्यासाठी आहे. यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची वेबसाइट सांभाळताना गूगलची नोटीस, लिंकची छाननी, त्या काढून टाकण्यासाठीचा पत्रव्यवहार आणि गूगलने केलेली कारवाई उठवण्यासाठीचा पुनर्विचाराचा अर्ज अशा सर्व टप्प्यांतून मी गेलो आहे. त्या वेळी कोणी सांगितले असते तर बरेच श्रम वाचले असते, अशा गोष्टी येथे क्रमाने मांडत आहे.

कामाला लागण्यापूर्वी एक भेद मनात पक्का असू द्या. कोणा तिऱ्हाइताने आपणहून तुमच्या साइटकडे लिंक दिली, एवढ्यावरून तुम्ही दोषी ठरत नाही. खरा धोका असतो तो कंपनीने स्वतः किंवा कंपनीच्या पैशाने नेमलेल्या एजन्सीने रँकिंग, म्हणजे शोधनिकालांतला क्रमांक, वाढवण्यासाठी विकत घेतलेल्या आणि घाऊक प्रमाणात पेरलेल्या लिंकचा. पुढचा प्रत्येक निर्णय या भेदावर बेतलेला आहे.

सुरुवातीला जवळ काय असावे

गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनामध्ये कंपनीच्या वेबसाइटची मालकी, होस्टिंग आणि डोमेनच्या खात्यांचे पासवर्ड, वर्डप्रेस किंवा जी प्रणाली असेल तिचे प्रशासक खाते, एक्सेलसारखे स्प्रेडशीट, नोटपॅडसारखा साधा संपादक आणि कंपनीच्या डोमेनवरचा ईमेल पत्ता, एवढी साधने पुरतात. पैसे भरून घेण्याचे कोणतेही साधन पहिल्या टप्प्यात लागत नाही. कागदपत्रांत मात्र एक महत्त्वाची जुळवाजुळव करावी लागते, ती म्हणजे आजवरच्या सर्व एसईओ (साइट शोधनिकालांत वर आणण्याचे काम करणाऱ्या) एजन्सींची बिले, करार आणि त्यांनी पाठवलेले मासिक अहवाल. लेखा विभागाकडे बिले हमखास सापडतात आणि त्यांवर ‘दरमहा अमुक इतके बॅकलिंक’ (इतर साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक) किंवा ‘डिरेक्टरी सबमिशन’ (साइटच्या सूच्यांमध्ये नोंदणी) असे स्वच्छ लिहिलेलेही असते. माझ्या मते या संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज तोच. कारण संशयित लिंकपैकी कोणत्या आपल्याच पैशाने आल्या, हे इतर कोणतेही साधन इतक्या खात्रीने सांगू शकत नाही.

१. सर्च कन्सोलची मालकी आपल्या हाती घ्या

लहान कंपन्यांत सर्च कन्सोलचे खाते बहुधा एजन्सीच्या नावे असते आणि एजन्सी बदलली की ते तिच्याबरोबर जाते. म्हणून कंपनीच्या खात्यातून नव्याने मालकी सिद्ध करा. डोमेनच्या डीएनएस नोंदींमध्ये (डोमेनच्या खात्यातील तांत्रिक नोंदींमध्ये) गूगलने दिलेली टीएक्सटी प्रकारची नोंद घातली की हे होते. त्यानंतर सेटिंग्जमधील वापरकर्त्यांची यादी उघडून कोणाकोणाला प्रवेश आहे ते पाहा आणि ज्यांचे काम संपले आहे त्यांची नावे काढा. केवळ नाव काढल्याने काम भागतेच असे नाही. जुन्या एजन्सीने साइटवर ठेवलेली पडताळणीची फाइल किंवा टॅगही काढावा लागतो, अन्यथा ती पुन्हा मालक म्हणून आत येऊ शकते.

सर्च कन्सोलमध्ये साइट दोन प्रकारे जोडता येते: संपूर्ण डोमेन म्हणून आणि विशिष्ट पत्त्याच्या उपसर्गासह, म्हणजे ‘एचटीटीपीएस’पासूनच्या पूर्ण पत्त्याने. दोन्ही जोडून ठेवा. डोमेन प्रकारात सगळी माहिती एकत्र दिसते. परंतु लिंक अमान्य करण्याचे साधन, ज्याला एसईओच्या व्यवसायात सर्वजण ‘डिसअव्हाउ’ म्हणतात, ते डोमेन प्रकारावर चालत नाही. अगदी शेवटच्या टप्प्यावर हे लक्षात येऊन धावपळ होण्यापेक्षा आताच सोय केलेली बरी.

२. नुकसान झाले आहे का, ते आधी पाहा

सर्च कन्सोलच्या डाव्या यादीत ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ अशी दोन पाने आहेत. पहिल्या पानावर हिरवी खूण आणि कोणतीही समस्या आढळली नाही असा मजकूर असेल, तर गूगलच्या कोणत्याही माणसाने तुमच्या साइटवर कारवाई केलेली नाही. तुमच्याकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंकबाबत कारवाई झाली असेल तर तसे तेथे स्पष्ट लिहिलेले असते. ती पूर्ण साइटला लागू आहे की काही पानांना, हेही दिलेले असते आणि साइटच्या मालकांना ईमेलही येतो. तुमच्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या अनैसर्गिक लिंकबाबतची कारवाई ही वेगळी गोष्ट आहे. तिचा उपाय तुमच्याच पानांवर असतो. या दोहोंची गल्लत करू नका.

येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण बाजारातली बहुतेक भीती जुन्या काळातून आलेली आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्या मूळ कल्पनेत लिंक हे एक प्रकारचे मत होते, आणि मते म्हटली की ती विकत घेणारे आलेच. फेब्रुवारी २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकेतील मोठ्या दुकान-साखळीच्या लिंकचे प्रकरण न्यू यॉर्क टाइम्सने उघडकीस आणले, तेव्हा अनेक शोधांमध्ये वर दिसणारी त्यांची पाने एकदम खाली गेली. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ ही सुधारणा आणली. अनैसर्गिक लिंक असलेल्या साइट तिच्यामुळे खाली ढकलल्या जाऊ लागल्या आणि एकदा खाली गेलेली साइट पुढच्या आवृत्तीपर्यंत अनेकदा तशीच अडकून राही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिसअव्हाउ हे साधन आले. मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन मूळ प्रणालीत सामावले गेले आणि तेव्हापासून भर साइटला शिक्षा करण्यापेक्षा वाईट लिंक मोजणीतून वगळण्यावर आहे. अशा लिंक ओळखण्यासाठी गूगल आता ‘स्पॅमब्रेन’ ही प्रणाली वापरते. लाल आलेखाचे ईमेल पाठवणारे लोक आजही २०१२ सालीच राहतात.

कारवाई नाही, पण ट्रॅफिक घटले आहे, अशी स्थिती असेल तर ‘परफॉर्मन्स’ अहवालात, जो सोळा महिन्यांपर्यंतची आकडेवारी दाखवतो, घसरण नेमकी कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या पानांवर झाली ते शोधा. साइटचे नूतनीकरण, पत्त्यांतील बदल, चुकून राहिलेला ‘नोइंडेक्स’ (पान शोधनिकालांत दाखवू नये असा गूगलला दिलेला संकेत) किंवा गूगलच्या एखाद्या मोठ्या सुधारणेची तारीख यांच्याशी ती जुळते का, हे आधी तपासा. दुसरी शक्यता अशी की पूर्वी विकत घेतलेल्या लिंक गूगलने मोजणेच थांबवले आणि त्यांच्या आधाराने चढलेले रँकिंग उतरले. तसे असेल तर काढून टाकण्यासारखे फारसे काही उरत नाही. गेले ते खोटेच भांडवल होते.

३. लिंकची यादी उतरवून घ्या आणि स्वतः वाचा

‘लिंक्स’ अहवालात कोणत्या साइट तुमच्याकडे लिंक देतात, तुमच्या कोणत्या पानांकडे देतात आणि कोणत्या शब्दांवर देतात, असे तीन तक्ते आहेत. पडद्यावर यांतील हजारच ओळी दिसतात. परंतु बाह्य लिंक ‘एक्स्पोर्ट’ करण्याच्या बटणाने नमुना यादी आणि अलीकडील लिंकची यादी अशा दोन याद्या उतरवता येतात आणि त्यांत एक लाखापर्यंत ओळी येऊ शकतात. अलीकडील लिंकच्या यादीत तारीखही असते, म्हणून तीच अधिक उपयोगाची.

आता यादी डोमेननुसार लावा आणि दोनशे-तीनशे डोमेन खरोखर उघडून पाहा; शक्यतो कार्यालयातील नेहमीच्या संगणकावरील लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये मात्र नको. काही वेळातच प्रकार ओळखू येतात. सर्वांत मोठा ढीग असतो तो आपोआप तयार झालेल्या पानांचा: डोमेनची किंमत सांगणाऱ्या साइट, तुमच्या उत्पादनांची छायाचित्रे उचलून भिंतचित्रे म्हणून दाखवणाऱ्या साइट, शोधनिकालांची नक्कल करून भरलेली पाने. दुसरा ढीग जुन्या एजन्सीचा असतो आणि तो लिंकच्या शब्दांवरून पकडता येतो. समजा, एका ब्लॉगवर केस गळतीवरील उपायांचा लेख आहे. तिसऱ्या परिच्छेदात अचानक ‘पुण्यातील सर्वोत्तम हायड्रॉलिक सिलिंडर उत्पादक’ हे पाच शब्द निळ्या अक्षरांत येतात आणि पुढच्या वाक्यात लेख पुन्हा खोबरेल तेलाकडे वळतो. असे वाक्य कोणी प्रेमाने लिहीत नाही, ते पैशाने लिहिले जाते. हेच पाच शब्द, त्याच क्रमाने, चाळीस वेगवेगळ्या ब्लॉगांवर सापडले, तर लेखा विभागातील ते बिल काढून तारखा ताडून पाहा.

तिसरा ढीग कॅसिनो, औषधे किंवा प्रौढ मजकुराच्या शब्दांचा. तो दिसला की लगेच घाबरू नका, पण त्या लिंक तुमच्या कोणत्या पानाकडे येतात ते जरूर पाहा. पुढची पायरी त्यावरच अवलंबून आहे.

येथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे साइटवर कोण कोठून आले हे दाखवणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये ‘रेफरल’, म्हणजे पाहुणे पाठवणारी साइट, म्हणून दिसणारी विचित्र नावे. त्यांतील अनेक नावांच्या मागे खरी लिंकच नसते. कोणीतरी कुतूहलाने उघडून पाहावे एवढ्यासाठीच ती नावे आकडेवारीत घुसवलेली असतात. रँकिंगशी त्यांचा संबंध नाही. दुसरा सापळा ‘टॉक्सिक स्कोअर’ किंवा ‘स्पॅम स्कोअर’चा. सेमरश, मॉझ यांसारख्या कंपन्यांचे हे स्वतःचे अंदाज आहेत, गूगलचे मोजमाप नव्हे. नव्या लिंक शोधण्यासाठी ही साधने चांगली आहेत. निकाल देण्याचा अधिकार त्यांना देऊ नका.

४. लिंक बाहेरच्या आहेत, पण दार आतून उघडे नाही ना?

नकोशा लिंक तुमच्या साइटवरील अशा पत्त्यांकडे येत असतील जे तुम्ही कधी बनवलेलेच नाहीत, तर प्रश्न लिंकचा नसून सुरक्षेचा आहे. घुसखोर साइटमध्ये शिरून हजारो पाने तयार करतात आणि मग इतर बाधित साइटवरून त्या पानांकडे लिंक देतात. यांतील एक प्रकार जपानी भाषेतील पानांचा आहे. कार्यालयातून साइट उघडली तर सारे ठीक दिसते, परंतु गूगलच्या रोबोटला वेगळेच पान दाखवले जाते. म्हणून गूगलवर ‘साइट’ हा शब्द, कोलन आणि आपले डोमेन असा शोध घ्या, तसेच सर्च कन्सोलमधील पत्ता तपासण्याच्या साधनाने गूगलला नेमके काय दिसते ते पाहा.

घुसखोरी आढळली तर सर्व पासवर्ड बदलणे, अनोळखी प्रशासक खाती काढणे, प्लगइन आणि थीम अद्ययावत करणे आणि स्वच्छ बॅकअप चढवणे ही कामे आधी. बॅकअप चढवण्यापूर्वी बाधित साइटची आणि सर्व्हरच्या नोंदींची एक प्रत वेगळी काढून ठेवा. बनावट पानांना ४०४ किंवा ४१०, म्हणजे ‘पान अस्तित्वात नाही’, हा प्रतिसाद द्या, म्हणजे त्यांच्याकडे येणाऱ्या लिंक आपोआप निकामी होतात. ती पाने मुख्य पानाकडे वळवू नका, कारण त्यामुळे नको ती लिंक मुख्य पानावरच येऊन बसते. कोणती पाने वाचू नयेत हे गूगलच्या रोबोटला सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये ती पाने अडवूही नका. अडवली तर ती नाहीशी झाल्याचे गूगलला कळणारच नाही.

भारतातील कंपन्यांसाठी येथे एक कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेबसाइटमध्ये शिरून केलेले अनधिकृत बदल, घातक कोड किंवा बाहेरच्या साइटच्या लिंक घुसवणे, हे कळवण्याजोग्या घटनांच्या यादीत आहे आणि लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ते कळवावे लागते. हा नियम फक्त बँकांसाठी आहे असा समज लघुउद्योगांत आढळतो. तो चुकीचा आहे.

घुसखोरी नसतानाही होणारा एक गैरप्रकार वेगळा ओळखा. साइटवरील शोधपेटीत कोणी जाहिरातीचा मजकूर आणि फोन क्रमांक टाकतो आणि त्यातून तयार झालेल्या शोधनिकालाच्या पत्त्याकडे बाहेरून लिंक देतो. तुमच्या डोमेनच्या नावाखाली त्याची जाहिरात गूगलवर दिसू लागते. शोधनिकालाच्या पानांना ‘नोइंडेक्स’ लावले की हा प्रश्न मिटतो. लिंकच्या मागे धावण्याची गरज नसते.

आणखी एक ठिकाण तपासायचे राहून जाते. कंपनीने पूर्वी एखादे जुने डोमेन विकत घेऊन ते मुख्य साइटकडे वळवले असेल, तर त्या डोमेनचे पूर्वायुष्यही तुमच्याकडे वळते. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची जुनी पाने पाहा. तेथे भलतेच काही दिसले तर ते वळवणे बंद करा. पुष्कळदा एवढ्यानेच यादी निम्मी होते.

५. काय सोडायचे, काय धरायचे

आपोआप तयार झालेला पहिला ढीग पूर्णपणे सोडून द्या. गूगलचे स्वतःचे मार्गदर्शन असे की बहुतेक साइटना डिसअव्हाउची गरज पडत नाही. लक्षणीय संख्येने कृत्रिम लिंक असणे आणि त्यांच्यामुळे कारवाई झालेली असणे किंवा होण्याची दाट शक्यता असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ते वापरावे. एका रात्रीत हजारो कॅसिनो लिंक आल्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने घात केला, असे वाटते. क्वचित तसे असतेही. पण कंपनीचा त्यात हात नसेल आणि कारवाईही झालेली नसेल, तर नोंद ठेवा आणि थांबा. व्यवस्थापनाला हे पटवणे अवघड जाते, कारण ‘काहीच करू नये’ हा सल्ला कामचुकारपणासारखा दिसतो.

धरायचा तो दुसरा, पैशाने आलेला ढीग. आणि जपायच्या त्या खऱ्या लिंक, ज्या स्वयंचलित साधने भरडून टाकतात: वितरकांच्या साध्यासुध्या साइट, मराठा चेंबरसारख्या संघटनांच्या सदस्य-याद्या, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या औद्योगिक भेटीचे जुने पान, जिल्हा दैनिकाच्या साइटवरील बातमी. मराठी, हिंदी किंवा गुजराती भाषेतील लहान साइटना ही साधने कधी कधी विनाकारण संशयित ठरवतात. ज्या साइटवर माणसे वाचायला येतात आणि ज्यांना तुमच्याकडे लिंक देण्याचे खरे कारण आहे, त्यांना हात लावू नका, मग गुण कितीही वाईट असोत. चांगली लिंक अमान्य केली तर तिचा लाभ जातो आणि तो परत येण्यास वेळ लागतो.

६. काढून टाकण्याची विनंती

ही पायरी कारवाई झालेल्यांसाठी सक्तीची समजा. एकही विनंती न पाठवता सरसकट डिसअव्हाउ केले, तर पुनर्विचाराचा अर्ज नाकारला जाऊ शकतो.

पहिले पत्र जुन्या एजन्सीला पाठवा. आरोपाची भाषा टाळून, ‘आमच्यासाठी तयार केलेल्या सर्व लिंकची यादी आणि त्या त्या डिरेक्टरी व ब्लॉगवरील खात्यांचे तपशील द्यावेत’ एवढेच मागा. अनेक लिंक एजन्सीच्याच खात्यांतून टाकलेल्या असतात आणि ती खाती मिळाली तर शेकडो लिंक आपल्या हाताने काढता येतात. नंतर उरलेल्या साइटच्या चालकांना कंपनीच्या ईमेलवरून थोडक्यात लिहा: लिंक असलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, ती तुमच्या ज्या पानाकडे येते तो पत्ता, लिंकचे शब्द आणि नेमकी विनंती. संपूर्ण लेख काढा असे म्हणू नका. लिंक काढावी किंवा तिला ‘नोफॉलो’ अथवा ‘स्पॉन्सर्ड’ हा गुणधर्म (लिंक रँकिंगसाठी धरू नये असा गूगलला संकेत) लावावा, असे म्हटले की अधिक लोक तयार होतात. हुइज, म्हणजे डोमेन कोणाचे हे सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदींमध्ये मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते, म्हणून साइटवरील संपर्काचा अर्ज वापरा. उत्तर आले नाही तर आठवड्याभराने एक स्मरणपत्र पाठवा आणि तेथेच थांबा.

स्प्रेडशीटमध्ये डोमेन, पहिल्या पत्राची तारीख, स्मरणपत्राची तारीख, मिळालेले उत्तर आणि आजची स्थिती असे रकाने ठेवा. हीच शीट पुढे पुरावा म्हणून लागते.

लिंक काढण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. त्या डोमेनसमोर ‘पैसे मागितले’ असे नोंदवून ते डिसअव्हाउच्या यादीत टाका. ‘अमुक रक्कम द्या, अन्यथा तुमच्याकडे अश्लील साइटच्या लिंक सोडू’ अशी धमकी आली, तर उत्तर न देता तो ईमेल संपूर्ण शीर्षभागासह जतन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे देऊन बसले असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

७. डिसअव्हाउची फाइल

हे साधन सर्च कन्सोलच्या डाव्या यादीत दिसत नाही. गूगलच्या मदत-पानावरून तेथे जावे लागते आणि फाइल चढवण्याचा अधिकार फक्त मालकाला असतो. फाइल साध्या मजकुराची, टीएक्सटी प्रकारची आणि यूटीएफ-८ मध्ये साठवलेली असावी. वर्डमध्ये तयार केलेली फाइल चालत नाही. प्रत्येक ओळीवर एकच नोंद असते. संपूर्ण डोमेन अमान्य करायचे असेल तर ‘डोमेन’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, त्याला लागून कोलन आणि मोकळी जागा न सोडता डोमेनचे नाव असे लिहितात. एकच पान असेल तर त्याचा पूर्ण पत्ता लिहितात. हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ ही टिपण समजली जाते आणि प्रणाली ती वाचत नाही. कमाल मर्यादा १ लाख ओळी आणि २ एमबी इतकी आहे. सामान्य कंपनीची यादी तिच्या जवळपासही जाऊ नये.

पैशाने घेतलेल्या लिंकसाठी एकेक पान लिहीत बसण्यापेक्षा डोमेनची नोंद करावी, कारण तोच लेख त्या साइटवर विभाग, महिना आणि टॅग अशा अनेक पत्त्यांवर दिसत असतो. साइटचा एखादा उपविभाग मात्र अमान्य करता येत नाही. ब्लॉगस्पॉटसारख्या सामायिक सेवेवरील ब्लॉग असेल तर त्या ब्लॉगचे पूर्ण उपडोमेन लिहा. नुसते मूळ डोमेन लिहिले तर तेथील प्रत्येक ब्लॉग, चांगला असो वा वाईट, एका ओळीत बाद होतो. चढवण्यापूर्वी फाइलमध्ये आपलेच डोमेन राहिलेले नाही, याची शोध घेऊन खात्री करा.

नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, ती तिच्यात मिळवली जात नाही. म्हणून आधीची फाइल नेहमी उतरवून घ्या, तिच्यातच भर घाला आणि तारखेसह जपून ठेवा. जुन्या एजन्सीने पूर्वी एखादी फाइल चढवली आहे का, हेही याच वेळी कळते. कधी कधी तिच्यात तुमच्या उत्तम वितरकांची नावे निघतात. साइटचे ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ असे दोन्ही पत्ते जोडलेले असतील तर दोन्हींवर फाइल चढवा.

फाइल चढवल्यानंतर लगेच काही बदलत नाही. गूगल ती पाने पुन्हा वाचेल तसतसा परिणाम होतो आणि त्याला काही आठवडे जातात. ‘लिंक्स’ अहवालात अमान्य केलेल्या लिंक पुढेही दिसत राहतात; त्यामुळे ‘काम झालेच नाही’ असा निष्कर्ष वरिष्ठ काढण्यापूर्वीच त्यांना हे सांगून ठेवा. बिंगचे असेच साधन होते, ते २०२३ मध्ये बंद करण्यात आले, त्यामुळे तेथे वेगळे काही करायचे नाही.

८. पुनर्विचाराचा अर्ज

कारवाई झाली असेल तरच ही पायरी. ‘मॅन्युअल ॲक्शन्स’च्या पानावरील बटणाने अर्ज उघडतो आणि तो माणूस वाचतो, हे ध्यानात ठेवून लिहा. नेमके काय चुकले, ते दुरुस्त करण्यासाठी काय केले आणि त्याचा काय परिणाम झाला, या तिन्ही गोष्टी त्यात असाव्यात. ‘आम्हाला काहीच माहीत नव्हते, सर्व एजन्सीने केले’ एवढ्यावर भागत नाही. एजन्सीशी करार कधी होता, कोणत्या प्रकारच्या लिंक घेतल्या, करार कधी संपवला, किती डोमेनशी संपर्क साधला, किती लिंक निघाल्या आणि उरलेल्यांपैकी कोणत्या अमान्य केल्या, हे आकड्यांसह लिहा. स्प्रेडशीट गूगल ड्राइव्हवर ठेवून वाचण्याची परवानगी असलेला तिचा पत्ता द्या. कंपनी किती जुनी आहे, किती कामगारांचे पोट तिच्यावर आहे, हे लिहिण्याचा मोह होतो, तो आवरा.

उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि लिंकसंबंधीच्या अर्जांना त्याहून अधिक वेळ लागू शकतो. पहिल्या अर्जाचे उत्तर येण्यापूर्वी दुसरा पाठवू नका. नकार आला आणि त्यात उदाहरणादाखल काही लिंक दिलेल्या असल्या, तर तेवढ्याच काढू नका. त्या ज्या प्रकारच्या आहेत तो संपूर्ण प्रकार यादीतून पुन्हा चाळा. डिसेंबर २०१३ मध्ये कारवाई झालेली रॅप जीनियस ही गीतांचे अर्थ देणारी साइट साधारण दहा दिवसांत परतली होती, पण तिच्यामागे रात्रंदिवस लिंक काढणारी मंडळी होती. चाकण किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्याने तेवढ्या वेगाची अपेक्षा धरू नये.

कारवाई उठल्यावर रँकिंग पूर्वीच्या जागी येईलच असे नाही. पूर्वीची जागा अंशतः त्याच विकतच्या लिंकमुळे मिळालेली होती. विक्री विभागाला ही कल्पना अर्ज पाठवण्यापूर्वीच लेखी द्या.

९. नक्कल केलेल्या साइट

नकोशी लिंक कधी कधी तुमच्या साइटची हुबेहूब नक्कल केलेल्या साइटवरून येते, कारण तुमचा मजकूर उचलताना त्यातील लिंकही उचलल्या जातात. तेथे डिसअव्हाउ हा उपाय नव्हे. मजकुराच्या चोरीसाठी गूगलच्या कॉपीराइट तक्रारीचा अर्ज आणि त्या साइटच्या होस्टिंग कंपनीकडे तक्रार हा मार्ग आहे. नोंदणीकृत ट्रेडमार्कशी मिळतेजुळते नाव घेतले असेल आणि ते ‘डॉट इन’ डोमेन असेल, तर ‘डॉट इन’ डोमेन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या डोमेन-तंटा निवारण प्रक्रियेत लवादाकडे जाता येते. ट्रेडमार्कचे प्रमाणपत्र, तुमच्या डोमेनच्या नोंदणीचा पुरावा आणि नक्कल साइटच्या पानांची तारखेसह छायाचित्रे त्यासाठी लागतात. यासाठी वकिलाची मदत घ्या.

१०. पुढच्या एजन्सीचा करार

करारात लिंकची संख्या हे उद्दिष्ट म्हणून कधीही लिहू नका. ‘दरमहा पन्नास बॅकलिंक’ हे कलम असेल तर एजन्सी पन्नास आणणारच आणि त्या कोठून आणाव्या लागतात ते तुम्ही आता पाहिलेच आहे. प्रायोजित लेख घ्यायचे असतील तर ते जाहिरात म्हणून अवश्य घ्या. मात्र लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ गुणधर्म असेल, असे कलम घाला. केलेल्या प्रत्येक लिंकचा पत्ता, तारीख आणि दिलेली रक्कम मासिक अहवालात असावी. त्या कामासाठी उघडलेली सर्व खाती कंपनीच्या ईमेलवर असावीत आणि शेवटच्या बिलाची रक्कम त्या खात्यांचे पासवर्ड हाती आल्यावरच द्यावी. सर्च कन्सोलमध्ये एजन्सीला मालकी न देता केवळ वापरकर्ता म्हणून प्रवेश द्या. दर तिमाहीला अलीकडील लिंकची यादी उतरवून लेखा विभागातील बिलांच्या फाइलशेजारी ठेवण्याचे काम एकाच कर्मचाऱ्याकडे नावानिशी सोपवा.